कन्नडचा घाट आणि एक लिटरचं इंजिन

चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की थोड्याच वेळात सातमाळ्याचे डोंगर रस्त्यात आडवे येतात. सरकारी कागदांत हा औट्रम घाट. १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमचं हे नाव. चाळीसगावात मात्र कुणी औट्रम म्हणत नाही. तो कन्नडचा घाट. पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना इथे बंदी आली. आता चढणाऱ्या गाड्यांत छोट्या मोटारींचं प्रमाण वाढलंय आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत एक ते सव्वा लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन असतं. स्कोडा कायलॅक, टाटा नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ, निस्सान मॅग्नाइट, मारुती फ्रॉन्क्स.

या गाड्यांबद्दल गॅरेजात ऐकू येणारी तक्रार जवळपास ठरलेली आहे. "कागदावर एकशे पंधराची ताकद लिहिलीय, पण भाऊ, चढावर गाडी दमच धरत नाही. आपली बोलेरो बरी होती." तक्रार करणारा खोटं बोलत नसतो. कागदही खोटं बोलत नसतो. दोघांचा मेळ घालायचा तर कागद जरा सावकाश वाचावा लागतो.

उदाहरणाला चाकणच्या कारखान्यातून येणाऱ्या कायलॅकचं इंजिन घेऊ. हेच एक लिटरचं टीएसआय कुशाक, स्लाव्हिया, टायगुन, व्हर्टस या गाड्यांतही आहे आणि २०२० पासून पोलोतही होतं. सिलिंडरचा व्यास ७४.५ मिलिमीटर, दट्ट्याची चाल ७६.४ मिलिमीटर, असे तीन सिलिंडर. मिळून ९९९ सीसी. ताकद ११५ अश्वशक्ती, टॉर्क १७८ न्यूटन-मीटर. जाहिरातीत इथवरच सांगतात. महत्त्वाची ओळ त्याच्या पुढे, बारीक अक्षरांत असते: हा टॉर्क मिळतो १,७५० ते ४,५०० फेऱ्यांच्या दरम्यान.

आता बोलेरो. तिचं जुनं इंजिन २,५२३ सीसीचं, ताकद जेमतेम ६३ अश्वशक्ती. पण तिचा १९५ न्यूटन-मीटर टॉर्क १,४०० फेऱ्यांपासूनच हाताशी असायचा. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. न्यूटन-मीटरला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ७,०२४ ने भागलं की मेट्रिक अश्वशक्ती मिळते. बोलेरो १,४०० फेऱ्यांवर ३९ अश्वशक्ती देत होती. कायलॅक १,७५० वर ४४ देते आणि ४,५०० वर ११४. म्हणजे जाहिरातीतला आकडा खरा आहे. प्रश्न १,७५० च्या खालचा आहे. तिथे टर्बोने पुरता जोर धरलेला नसतो आणि उरतं ते एक लिटरचं साधं इंजिन. साधं म्हणजे किती? मारुतीच्या के-१० सी कुटुंबातलं ९९८ सीसीचं बिनटर्बो इंजिन, जे ऑल्टो के-१० मध्ये येतं, ते ८९ न्यूटन-मीटर देतं, तेही ३,५०० फेऱ्यांवर. त्याच कुटुंबातलं फ्रॉन्क्सचं टर्बो इंजिन १४७.६ देतं. तेव्हा टर्बो झोपलेला असताना आपण ऑल्टोच्या इंजिनावर बाराशे किलोची गाडी ओढत असतो, हे लक्षात ठेवायचं.

घाटाचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. पाच माणसं आणि सामान धरून गाडी १,६०० किलोची, चढ शंभर मीटरला सहा मीटर, वेग ताशी ४० किलोमीटर. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढायला, टायरच्या घर्षणाला आणि गिअरबॉक्समध्ये वाया जाणाऱ्याला मिळून सुमारे वीस अश्वशक्ती लागतात. एकशे पंधरा नाही, वीस! आता हीच वीस अश्वशक्ती तिसऱ्या गिअरमध्ये, साधारण २,००० फेऱ्यांवर मागितली तर इंजिनाला ७० न्यूटन-मीटर द्यावे लागतात. टर्बो नसता तरी जमलं असतं. चौथ्या गिअरमध्ये, १,४०० फेऱ्यांवर, १०० लागतात. पाचव्यात, ११०० च्या आसपास, १२८. एक लिटरच्या इंजिनाकडे टर्बोशिवाय एवढं नसतंच, आणि टर्बोने तर अजून जोर धरलेला नाही. चालक पॅडल आणखी दाबतो, गाडी गुरगुरते, हादरते, वळणावर तर मेलीच. बोलेरोच्या सवयीने चौथ्या-पाचव्यात घाट चढायला गेलं की हे होतं. एक गिअर खाली घेतला की तीच गाडी सुसाट निघते. ताकद होतीच, ती मागायची जागा चुकली होती.

ही सवय आली कुठून, तेही समजण्यासारखं आहे. खानदेशात मोटार म्हणजे बराच काळ डिझेल मोटार. शेतात, बाजार समितीत, लग्नात, सुरतच्या फेरीत तीच. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ प्रदूषणनियम लागू झाले आणि छोट्या डिझेल गाड्यांना धूर साफ करणारी महागडी यंत्रणा बसवणं परवडेना. मारुतीने डिझेल सोडून दिलं. रांजणगावात बनणारं आणि निम्म्या कंपन्यांच्या गाड्यांत बसणारं फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेटही गेलं. (त्या मल्टिजेटच्या आठवणीही लोक जरा गोडच करून सांगतात. दोन हजार फेऱ्यांच्या खाली तेही ढिलंच होतं. स्विफ्ट डिझेल चालवलेल्यांनी प्रामाणिकपणे आठवावं.) त्या जागेवर टर्बो पेट्रोल आलं.

ते एक-सव्वा लिटरचंच का आलं, याचं उत्तर इंजिनियरपेक्षा करखात्याकडे जास्त आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने छोट्या गाडीची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० पर्यंत. जीएसटीतही तीच चौकट राहिली आणि सप्टेंबर २०२५ पासून या चौकटीतल्या गाडीवर १८ टक्के, बाहेरच्या गाडीवर ४० टक्के कर आहे. नेक्सॉन, व्हेन्यू आणि कायलॅक या तिघींची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे, हा योगायोग नव्हे. लांबी कापली, इंजिन छोटं केलं आणि कमी पडलेली हवा टर्बोने भरून काढली.

टर्बोची कल्पना जुनी. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ मध्ये पेटंट मागितलं. आधी ती जहाजांच्या आणि आगगाड्यांच्या इंजिनात रुजली. टर्बोच्या मोटारी अमेरिकेत १९६२ मध्ये विक्रीला आल्या. चाळीसगावकरांनी टर्बो मोटारीत येण्याच्या कितीतरी आधी स्टेशनात पाहिलेला आहे. धुळे पॅसेंजरचं डिझेल इंजिन निघताना काळ्या धुराचा लोट सोडायचं. डिझेल आधी वाढायचं आणि टर्बोला वेग घेऊन हवा पुरवायला काही क्षण लागायचे. तोवर न जळलेलं डिझेल धूर होऊन बाहेर पडायचं. मोटारीत ज्याला टर्बो लॅग म्हणतात ती हीच दिरंगाई.

रचना अशी. एका दांडीच्या दोन टोकांना दोन चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एका चाकाला फिरवतो, दुसरं चाक बाहेरची हवा ओढून, दाबून सिलिंडरात भरतं. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. तीन सिलिंडर इथे सोयीचे पडतात, कारण प्रत्येक सिलिंडरचा धूर एकमेकांच्या वाटेत न येता टर्बोवर आदळतो. त्या दांडीचा वेग मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातो. धुराकडच्या चाकाला नऊशे अंशांच्या पुढची उष्णता सोसावी लागते आणि त्याच दांडीचं दुसरं टोक बाहेरच्या हवेत असतं. या दांडीला आधार कशाचा? बहुतेक छोट्या टर्बोत तिथे छर्ऱ्यांची बेअरिंग नसतेच. ती तेलाच्या केसाहून पातळ थरावर तरंगते. इंजिनात जे ऑइल फिरतं, तेच हे तेल. छोट्या टर्बो इंजिनाच्या दुखण्यांचा माग काढत गेलं तर दहातली बरीचशी या तेलाशी येऊन थांबतात. माझं मत विचाराल तर गाडी कोणत्या कंपनीची घ्यावी यापेक्षा ऑइल कोणतं आणि कधी टाकावं, या प्रश्नाला दुप्पट वेळ द्यावा.

आपल्याकडे नेमकं तिथेच बिघडतं. नव्या इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० दर्जाचं ऑइल लागतं. डबा उघडला की मिस्त्री नाक मुरडतो: "हे तर पाण्यासारखं आहे, आपल्या उन्हात टिकणार नाही." आणि मग ड्रममधलं जाड ऑइल पडतं, जे पिकअपलाही चालतं आणि ट्रॅक्टरलाही. मिस्त्रीचा अनुभव खोटा नाही. पण तो वेगळ्या इंजिनांचा आहे. पातळ ऑइल गरम झाल्यावर किती पातळ राहील हे शंभर अंशांवर मोजून ठरवलेलं असतं. बाहेर २५ अंश असोत की ४५, आत ऑइलचं तापमान थर्मोस्टॅट आणि कूलर सांभाळतात. उलट सकाळी गाडी चालू करताना जाड ऑइल टर्बोच्या दांडीपर्यंत उशिरा पोचतं आणि तेवढे सेकंद ती दांडी कोरडी फिरते. बारीक वाहिन्या, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी ऑइलवरची यंत्रणा, सगळं पातळ ऑइल धरून बेतलेलं असतं.

डिझेलचं ऑइल टर्बो पेट्रोलमध्ये टाकण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो घाटातल्या त्या चुकीच्या गिअरला जाऊन मिळतो. कमी फेऱ्या, जास्त गिअर, पूर्ण दाबलेलं पॅडल अशा वेळी सिलिंडरात उडालेला ऑइलचा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवतो. दट्ट्या अजून वर येतोय आणि वरून स्फोट. हा आघात नेहमीच्या नॉकिंगच्या ठोक्यांपेक्षा कितीतरी पट जोराचा असतो. दट्ट्याच्या कडा फुटतात, रिंगा तुटतात. छोट्या, थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांबरोबरच हे दुखणं ठळक झालं. शोध घेता ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त सफाई-रसायनांचा त्यात वाटा असल्याचं दिसलं, म्हणून त्यांतला भाग मॅग्नेशियमने बदलला गेला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे आणले, त्यांत या अवेळी पेटण्याची चाचणी आहे. तेव्हा डब्यावर नुसता ग्रेड बघून भागत नाही. 'एपीआय एसपी' किंवा कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली मान्यता शोधायची. डिझेलच्या ऑइलवर सी ने सुरू होणारी अक्षरं ठळक असतात. ते पिकअपलाच राहू द्यावं.

बदलायचं कधी? काही कंपन्या दहा हजार किलोमीटर म्हणतात, काही पंधरा हजार, किंवा एक वर्ष. त्याच पुस्तकाच्या मागच्या पानांत 'कठीण वापर' अशी एक यादी असते: धूळ, जास्त उष्णता, छोट्या फेऱ्या, डोंगर, ओझं. चाळीसगावची गाडी या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक शब्दात बसते. आठवडाभर स्टेशन रोड ते घर, घर ते बाजार. इंजिन नीट तापायच्या आत बंद. त्यात न जळलेलं पेट्रोल रिंगांमधून झिरपून ऑइलमध्ये मिसळतं. रविवारी मग पाच माणसं घेऊन पाटणादेवी किंवा घाट. या वापराला पंधरा हजारांचा आकडा मला तरी पटत नाही. साडेतीन-चार लिटर ऑइलचा खर्च आणि टर्बोचा खर्च शेजारी ठेवला की सात-आठ हजारांवर बदलणं स्वस्त पडतं.

घाटमाथ्यावर पोचल्यावर लोक काय करतात? गाडी कडेला लावून लगेच किल्ली फिरवतात आणि फोटो काढायला उतरतात. इंजिन थांबलं की ऑइलचा पंपही थांबतो, आणि तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल जागच्या जागी करपून कोळसा होतं. जुन्या टर्बो गाड्यांत हे दुखणं फार होतं. आताच्या बहुतेक इंजिनांत टर्बोभोवती पाणी खेळवलेलं असतं आणि काहींत इंजिन बंद झाल्यावरही एक विजेचा छोटा पंप ते फिरवत राहतो. गाडी बंद केल्यावरही पंखा घुंघुं करत राहिला तर तो बिघाड नाही. काहीजण बॅटरी संपेल म्हणून घाबरतात आणि वायर काढायला निघतात, ते टाळावं. तरी चढ संपल्यावर मिनिटभर शांत गतीने चालवून मग बंद करण्यात काहीच जात नाही.

पाण्याची गोष्ट निघाली म्हणून. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ पट्ट्याचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि चाळीसगावही फार मागे नसतं. ४५ अंशांच्या हवेचा दाब दुप्पट केला तर टर्बोतून बाहेर पडताना ती दीडशे अंशांच्या जवळ पोचते. २० अंशांच्या हवेला हा आकडा शंभराच्या थोडा वर राहतो. गरम हवा विरळ, म्हणून जोर कमी, आणि नॉकिंगची भीती जास्त. तिला थंड करायला इंटरकूलर असतो. चाकणच्या इंजिनात तो हवा आत घेणाऱ्या नळकांड्यातच बसवलेला आहे आणि त्याला पाण्याने थंड करतात. धूर बाहेर नेणारी नळीही सिलिंडर हेडमध्येच ओतलेली असल्याने तिच्याभोवतीही पाणी फिरतं. म्हणजे या इंजिनात पाण्यावर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कामं टाकलेली आहेत. आणि आपण त्यात काय घालतो? पातळी कमी दिसली की बोअरचं पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातलं हे पाणी जड; क्षार ॲल्युमिनियमच्या बारीक वाहिन्यांत बसतात. कंपनीने सांगितलेल्या रंगाचं आणि जातीचं कुलंट, तेही शुद्ध पाण्यात मिसळूनच, एवढं पथ्य पाळावं. शिवाय पातळी पुन्हापुन्हा कमी होत असेल तर ओतत बसू नये, गळती शोधावी. टीएसआय कुटुंबातल्या इंजिनांत पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर ही गळतीची ओळखीची जागा आहे.

रेडिएटरच्या जाळीकडेही वाकून बघावं. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारा तंतू आणि काळ्या मातीची धूळ यांचा मिळून असा नमदा बनतो की हवा आत शिरत नाही. एअर फिल्टरचंही तेच. टर्बो बिनटर्बो इंजिनापेक्षा जास्त हवा ओढतो; फिल्टर चोंदला की त्याला जास्त जोरात फिरावं लागतं, आणि फिल्टर बाजूने उघडा राहिला तर धुळीचा कण दोन लाख फेऱ्यांच्या चाकावर आदळतो.

आता खुद्द इंजिनातले दोष. सगळा दोष चालकाचा आणि मिस्त्रीचा असं म्हणणं कंपन्यांना फार सोयीचं होईल. टीएसआय, व्हेन्यूचं टी-जीडीआय, फ्रॉन्क्सचं बूस्टरजेट ही इंजिनं पेट्रोल थेट सिलिंडरात फवारतात. त्याने इंधन वाचतं, सिलिंडर थंड राहतो. पण जुन्या पद्धतीत पेट्रोल आत येताना व्हॉल्व्ह धुऊन जायचं, ते बंद झालं. ऑइलची वाफ व्हॉल्व्हच्या पाठीवर बसून थर जमतो, काही वर्षांनी गाडी थंडीत अडखळते, पेट्रोल जास्त खाते. टाकीत औषध ओतून हे निघत नाही, कारण औषध तिथे पोचतच नाही. भाग खोलून साफ करावा लागतो. नेक्सॉनचं १.२ रेव्होट्रॉन किंवा मॅग्नाइट-कायगरचं एक लिटर जुन्या पद्धतीने बाहेरच फवारतं. कागदावर ती मागास दिसतात, पण ज्याला गाडी दहा वर्षं ठेवायची आहे आणि मोठं सर्व्हिस सेंटर लांब आहे, त्याच्यासाठी मी हा मागासपणा गुण समजेन. ३एक्सओमध्ये दोन्ही आहेत. ११० अश्वशक्तीचं इंजिन बाहेर फवारणारं, १३० चं थेट. ३एक्सओ नाशिकला बनते, म्हणजे खानदेशाच्या शेजारीच.

दुसरा दोष पट्ट्याचा. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट आपल्याकडे २०१३ च्या इकोस्पोर्टमध्ये आलं, १२५ अश्वशक्तीचं. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं त्याला जगातल्या सर्वोत्तम इंजिनाचा पुरस्कार मिळाला. त्यात व्हॉल्व्ह चालवणारा पट्टा ऑइलमध्ये भिजत फिरत होता. युरोपात प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्युअरटेकमध्ये अशाच पट्ट्याचे तुकडे सुटून ऑइलपंपाच्या जाळीत अडकले आणि इंजिनं उपाशी मेली. शेवटी कंपनीला तिथे वॉरंटी दहा वर्षं किंवा पावणेदोन लाख किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली. अमेरिकेत २०२३ मध्ये फोर्डला ऑइलपंपाच्या पट्ट्यासाठी इकोस्पोर्ट आणि फोकस परत बोलवाव्या लागल्या. पुरस्कार देणारे परीक्षक इंजिन दहा वर्षं चालवून बघत नाहीत. चाकणच्या टीएसआयचा पट्टा कोरडा आहे. त्याआधीच्या पिढीतलं, २०१३ च्या पोलो जीटीतलं १.२ टीएसआय साखळीचं होतं, आणि सैल होणारी साखळी हीच त्याची दुखरी जागा. सकाळी चालू करताना पुढून खडखड आली की समजायचं.

कुशाक २०२१ मध्ये आली तेव्हा काही गाड्यांत पेट्रोलपंपाच्या बिघाडाने इंजिन जोर काढून घ्यायचं आणि डॅशबोर्डवर दिवा लागायचा. कंपनीने जास्त मजबूत पंप बसवून दिले. हे सांगण्याचं कारण असं की अशा प्रत्येक वेळी पहिला संशय टर्बोवर जातो. जोर गेला की "टर्बो गेला" हे निदान ठरलेलं. प्रत्यक्षात बऱ्याचदा इंटरकूलरकडे जाणारी रबरी नळी चिरलेली असते किंवा तिची क्लिप सैल असते. टर्बोने दाबलेली हवा वाटेतच फुस्स होते. नळी काही शेकड्यांत येते, टर्बोला पाच आकडी रक्कम लागते. निदानाआधी नळ्या हाताने चाचपून बघायला सांगावं. खराखुरा टर्बो जाताना सहसा निळा धूर सोडतो आणि त्याची शिट्टी रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी चढते. दोन क्लच असलेल्या कोरड्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्या घाटातल्या कोंडीत तापून धक्के देतात. तेही बिचाऱ्या इंजिनाच्या नावावर जातं.

इथेनॉलबद्दल सध्या प्रत्येक पेट्रोलपंपावर वाद आहे. आपल्या भागाचा यात सरळ हिस्सा आहे. ऊस आहेच, पण अलीकडे देशात इथेनॉलसाठी मका सर्वांत जास्त जातो आणि जळगाव-धुळ्याच्या शेतांत मका भरपूर. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणून वीस टक्के मिश्रणात लिटरची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. ॲव्हरेज थोडं पडणारच. टर्बो इंजिनाला मात्र त्यात एक फायदा आहे. बीएस-६ पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ होता, वीस टक्के मिश्रणाचा ९५ धरलेला आहे. उन्हाळ्यात नॉकिंगच्या भीतीने संगणक ठिणगी उशिरा टाकून जोर कापतो, ते थोडं कमी होतं, आणि इथेनॉल वाफ होताना सिलिंडर जास्त थंड करतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांतले रबर आणि नळ्या या मिश्रणासाठीच आहेत. त्याआधीची टर्बो गाडी असेल तर इंधनाच्या नळ्या आणि जोड दर सर्व्हिसला बघून घ्यावेत. महिनोन्महिने गाडी उभी ठेवायची असेल तर मिश्रण हवेतलं पाणी शोषतं, हेही ध्यानात असू द्यावं.

चाळीसगावात येणाऱ्या बऱ्याच टर्बो गाड्या पुण्या-मुंबईहून, दुसऱ्या हाताने येतात. घ्यायला गेलात तर गाडी सकाळी, थंड इंजिनावर बघायला मागा. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. ऑइल भरायचं झाकण उघडून आत बोटाला काळा, डांबरासारखा लगदा लागतो का ते पाहा. कुलंटच्या डबीत गंज किंवा नुसतं पाणी असेल तर निघून या. चौथ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांपासून पॅडल पूर्ण दाबून जोर सलग वाढतो की मध्येच खचतो ते बघा. त्याच्या खालून दाबू नका, अजून गाडी दुसऱ्याची आहे. किलोमीटर किती झाले हे शेवटी विचारा. आधी सर्व्हिसची बिलं मागा आणि प्रत्येक बिलावर ऑइलचा ग्रेड वाचा. पुण्याच्या रहदारीत चाळीस हजार किलोमीटर फिरलेली आणि पंधरा-पंधरा हजारांवर ऑइल बदललेली गाडी ही नाशिक महामार्गावर नव्वद हजार झालेल्या, आठ हजारांवर बदललेल्या गाडीपेक्षा जास्त थकलेली असू शकते. बिलावर नुसतं 'इंजिन ऑइल' लिहिलं असेल आणि ग्रेड नसेल, तर किंमत त्या हिशेबाने खाली मागा.